‘स्थिरावले’ म्हणजे नेमकं काय झालं? मुंबईतल्या पहिल्या अमेरिकन मिशनऱ्यांवरून एक व्याख्या

समजा, तुमच्या सिनॉप्सिसमध्ये असं वाक्य आहे: ‘परक्या देशात गेलेले ख्रिस्ती मिशनरी तिथल्या चर्चच्या कामात कसे स्थिरावतात याचा अभ्यास करणे.’ वाक्य गुळगुळीत आहे, वाचायला बरं वाटतं. मग आरआरसीसमोर बसल्यावर समितीतले एखादे सर चष्मा वर करून विचारतात, ‘काय झालं की तुम्ही म्हणणार हा माणूस स्थिरावला?’ आणि आपण ‘म्हणजे सर... सेटल झाला की...’ असं काहीतरी पुटपुटतो.

‘स्थिरावणे’ हा शब्द बोलण्यात चालतो. संशोधनात त्याला कार्यात्मक व्याख्या लागते, म्हणजे कुठली खूण दिसली की ‘हो’ लिहायचं आणि नाही दिसली की ‘नाही’, हे आधी ठरवावं लागतं. पुस्तकांत ही गोष्ट दीड ओळीत उरकलेली असते, त्यामुळे तिची किंमत कळत नाही. म्हणून आज एकच उदाहरण घेऊन बसू या. मी विज्ञानाकडचा, त्यामुळे इतिहासाचं उदाहरण का, असं वाटेल. कारण साधं आहे. इथे नमुना इतका लहान आहे की तक्त्यातल्या प्रत्येक ओळीमागचा माणूस आपल्याला माहीत आहे. हजार ओळींच्या एक्सेल फाइलमध्ये व्याख्येची चूक लपून जाते. पाच ओळींत ती लपत नाही.

पाच ओळींचा तक्ता

अमेरिकेतलं परदेशी मिशनचं पहिलं मोठं मंडळ म्हणजे १८१० मध्ये स्थापन झालेलं अमेरिकन बोर्ड ऑफ कमिशनर्स फॉर फॉरिन मिशन्स. पुढे आपण त्याला नुसतं ‘बोर्ड’ म्हणू. ६ फेब्रुवारी १८१२ रोजी मॅसॅच्युसेट्समधल्या सेलम गावच्या चर्चमध्ये बोर्डाने पाच तरुणांना दीक्षा दिली: अडोनिराम जडसन, सॅम्युअल न्यूएल, सॅम्युअल नॉट, गॉर्डन हॉल आणि ल्यूथर राइस. महिना संपायच्या आत ते दोन जहाजांतून कलकत्त्याकडे निघाले.

कलकत्त्याला पोचल्यावर ईस्ट इंडिया कंपनीने सांगितलं, परत जा. कंपनीला मिशनरी नको होतेच. त्यात जून १८१२ मध्ये अमेरिका आणि ब्रिटन यांच्यात युद्ध सुरू झालेलं. म्हणजे ही माणसं शत्रुराष्ट्राची ठरली, तीही परवान्याशिवाय आलेली. इथून पाचही जणांच्या वाटा फुटल्या.

जडसन आणि राइस यांनी बाप्तिस्म्याबद्दलचं मत बदललं, ते बॅप्टिस्ट झाले आणि त्यांनी बोर्ड सोडलं. जडसन ब्रह्मदेशात गेले आणि १८५० मध्ये मरेपर्यंत तिथलेच राहिले. राइस अमेरिकेला परतले. न्यूएल आणि त्यांची पत्नी हॅरिएट मॉरिशसकडे निघाले. वाटेत जहाजावर मूल झालं आणि गेलं, आणि ३० नोव्हेंबर १८१२ रोजी मॉरिशसला हॅरिएटही गेली. वय १९. हिंदुस्थानात तिने काही आठवडेच काढले होते. न्यूएल तिथून सिलोनला गेले आणि १८१४ मध्ये मुंबईत येऊन पोचले.

हॉल आणि नॉट मात्र थेट मुंबई गाठून होते, ११ फेब्रुवारी १८१३ रोजी. इथेही हद्दपारीचा हुकूम आला. ते एका जहाजातून गुपचूप कोचीनकडे निघून गेले, त्यांना परत आणलं गेलं, आणि इंग्लंडच्या जहाजावर चढवायची तयारी झाली. हॉल यांनी गव्हर्नर सर इव्हान नेपियन यांना लिहिलेलं पत्र मिशनच्या इतिहासात प्रसिद्ध आहे. त्याचा सूर विनंतीचा कमी आणि ‘देवासमोर उत्तर द्यावं लागेल’ असा जास्त आहे. अखेर १८१३ संपता संपता त्यांना राहू दिलं गेलं. त्याच वर्षीच्या चार्टर ॲक्टने मिशनऱ्यांना परवाना मिळण्याची वाट मोकळी केली होती. मुंबईतल्या या कामालाच पुढे अमेरिकन मराठी मिशन म्हणू लागले. मिशनच्या अहमदनगरच्या शाळा, ‘ज्ञानोदय’, रेव्हरंड टिळक हे सगळं आपल्याला माहीत असतं. सुरुवात अशी होती हे सहसा माहीत नसतं.

आता सांगा, ते कधी स्थिरावले?

पहिली व्याख्या: कायदेशीर. राहायची मुभा मिळाली की स्थिरावले. उत्तर, १८१३ चा शेवट. लागलेला वेळ, एका वर्षाच्या आत.

दुसरी: साधनं हातात आली की स्थिरावले. छपाईचं काम जाणणारे होरॅशियो बार्डवेल १८१६ मध्ये आले आणि १८१७ पासून मिशनने मराठी छापायला सुरुवात केली. उत्तर, साधारण चार वर्षं.

तिसरी: आपली जागा झाली की स्थिरावले. मुंबईत मिशनचं स्वतःचं चॅपल १८२३ मध्ये झालं. दहा वर्षं.

चौथी: लोकांच्या भाषेत मूळ ग्रंथ देता आला की. मराठी नवा करार १८२६ मध्ये छापून पुरा झाला. तेरा वर्षं.

पाचवी: त्या मातीतला माणूस चर्चचा पाळक झाला की. अहमदनगरला हरी रामचंद्र खिस्ती आणि रामकृष्ण विनायक मोडक यांना पाळक म्हणून दीक्षा मिळाली १८५४ मध्ये. एक्केचाळीस वर्षं.

एकच मिशन, एकच शहर धरून सुरुवात, आणि उत्तर एका वर्षापासून एक्केचाळीस वर्षांपर्यंत कुठेही. यातली कुठलीही व्याख्या चूक नाही. तुमचा प्रश्न राज्यसत्ता आणि मिशन यांच्या नात्याबद्दल असेल तर पहिली घ्या. मराठी मुद्रणाबद्दल असेल तर दुसरी. चर्च नावाची संस्था इथे रुजली का, असा असेल तर पाचवीशिवाय भागणार नाही. घोळ होतो तो व्याख्या न सांगता निष्कर्ष सांगितल्यावर. एक जण म्हणतो ‘मिशनरी झपाट्याने स्थिरावले’, दुसरा म्हणतो ‘स्थिरावायला दोन पिढ्या गेल्या’, आणि दोघांचे संदर्भ खरे असतात.

चौथ्या व्याख्येत आणखी एक काटा आहे. १८२६ मध्ये नवा करार पुरा झाला, पण ज्यांनी त्यावर वर्षानुवर्षं काम केलं ते गॉर्डन हॉल त्याच वर्षी मार्चमध्ये गेले. मिशन स्थिरावलं त्या वर्षी मिशनरी मेला. तुमचं अभ्यासाचं एकक कोणतं, व्यक्ती की संस्था, हे ठरवल्याशिवाय या ओळीपुढे ‘हो’ लिहायचं की ‘नाही’ तेच कळणार नाही. सिनॉप्सिसमध्ये ‘युनिट ऑफ ॲनालिसिस’ हा रकाना का असतो, त्याचं हे उत्तर.

सरासरी काढायचा मोह

मुंबईच्या पहिल्या तिघांचा मुक्काम बघा. हॉल १८१३ ते १८२६, साधारण तेरा वर्षं. न्यूएल १८१४ ते १८२१, सात वर्षं. नॉट १८१३ ते १८१५, अडीच वर्षं. सरासरी साडेसात वर्षांच्या आसपास येते. तिघांपैकी एकाचा अनुभव सांगणारा हा आकडा सोयीचा वाटतो, पण न्यूएल यांच्या सातशी तो जुळला हा योगायोग आहे. मुख्य अडचण वेगळीच आहे: हे तीन कालावधी एकाच कारणाने संपलेले नाहीत. हॉल आणि न्यूएल कॉलऱ्याने गेले. वयं ४१ आणि ३६. नॉट तब्येत बिघडली म्हणून अमेरिकेला परतले आणि १८६९ पर्यंत जगले. पहिल्या पाचांत सगळ्यात जास्त जगलेला माणूस मुंबईत सगळ्यात कमी राहिलेला आहे.

सर्व्हायव्हल ॲनालिसिस शिकताना ‘सेन्सॉरिंग’ हा शब्द भेटतो. घटना घडायच्या आत माणूस आपल्या निरीक्षणातून बाहेर पडला की त्याची नोंद सेन्सॉर झाली म्हणतात. ‘मुंबईत असताना मृत्यू’ ही घटना मोजत असाल तर नॉट यांची ओळख अडीच वर्षांपाशी सेन्सॉर्ड आहे. त्या दिवसापर्यंत ते जिवंत होते एवढंच ती सांगते. त्यांना गाळलंत तर मुंबई होती त्याहून जीवघेणी दिसेल. १८६९ पर्यंत मोजलंत तर होती त्याहून आरोग्यदायी. आणि परतणं हे काही यादृच्छिक नव्हतं. जे फार आजारी पडायचे तेच परत जायचे. म्हणजे जे बाहेर पडले त्यांना इथे ठेवलं असतं तर मृत्यू वाढलेच असते. सेन्सॉरिंगची पहिली अट असते की बाहेर पडणाऱ्याचा धोका राहिलेल्यांपेक्षा वेगळा नको. इथे ती अट मोडते. परीक्षेत ही अट लिहून दोन गुण मिळतात. ती मोडली की काय होतं ते नॉट यांच्या ओळीत बघायला मिळतं.

पुढची नावंही याच धर्तीची आहेत. १८१८ मध्ये आलेले जॉन निकल्स १८२४ मध्ये गेले. एडमंड फ्रॉस्ट १८२४ मध्ये आले, १८२५ मध्ये गेले. बार्डवेल तब्येतीमुळे १८२१ मध्ये परतले. ॲलन ग्रेव्ह्ज १८१८ मध्ये आले आणि पंचवीस वर्षं टिकले, पण त्यांची शेवटची बरीच वर्षं महाबळेश्वरच्या थंड हवेत भाषांतर करण्यात गेली. आता त्यांना ‘स्थिरावलेले’ म्हणायचं, की ‘मैदानी मुलुखात राहूच न शकलेले’?

मराठी येणारे जास्त जगले?

हा भाग सावकाश वाचा, कारण यात अडकणाऱ्यांची संख्या मोठी आहे. जुन्या मिशनरी लिखाणात असा सूर नेहमी दिसतो की ज्याने देशी भाषा मनापासून आत्मसात केली तो टिकला. ऐकायला पटतं. भाषा आली की माणसं जोडली जातात, एकटेपणा कमी होतो, अन्नपाण्याची समज येते. तक्ता केलात तर आकडेही हेच सांगतील, भाषा येणारे जास्त वर्षं जगले. पण थांबा.

समजा दहा मिशनरी आले. (हे दहा काल्पनिक आहेत, फक्त हिशोबासाठी.) मराठीत प्रवचन देण्याइतकी भाषा यायला तीन वर्षं लागतात. चार जण पहिल्या दोन वर्षांत गेले, सरासरी दीड वर्षावर. उरलेले सहा सरासरी बारा वर्षं जगले. या सहापैकी तिघांनी मराठी शिकली, तिघांनी नाही, आणि शिकण्या-न शिकण्याने आयुष्यात तसूभर फरक पडला नाही.

आता तुम्ही गट पाडता. मराठी येणारे तीन: सरासरी बारा वर्षं. मराठी न येणारे सात, म्हणजे लवकर गेलेले चार आणि टिकलेले पण न शिकलेले तीन. चौघांची मिळून सहा वर्षं, तिघांची मिळून छत्तीस, एकूण बेचाळीस भागिले सात. सरासरी सहा वर्षं. निष्कर्ष: मराठी शिकल्याने आयुष्य दुप्पट! प्रत्यक्षात भाषेचा परिणाम शून्य होता, आपणच तसा धरला होता.

झालं असं की ‘मराठी येणारा’ हा शिक्का मिळायला आधी तीन वर्षं जगावं लागतं. त्या तीन वर्षांत या गटातला कुणी मरूच शकत नाही, कारण मेला तर तो या गटात येणारच नाही. त्या काळापुरता हा गट अमर आहे. म्हणूनच याला ‘इम्मॉर्टल टाइम बायस’ म्हणतात. औषधांच्या अभ्यासांत तो सर्रास सापडतो. २००१ मध्ये ऑस्कर मिळालेले नट इतरांपेक्षा जवळपास चार वर्षं जास्त जगतात असा निष्कर्ष गाजला होता. पुढे दुसऱ्या संशोधकांनी हाच दोष काढून पुन्हा हिशोब केला, तेव्हा ती आघाडी बरीचशी विरघळली. ऑस्कर मिळेपर्यंत जिवंत राहावं लागतं, हे मूळ हिशोबात नीट धरलं नव्हतं.

उपाय अवघड नाही. घड्याळ दोन्ही गटांसाठी एकाच ठिकाणी सुरू करा. तिसऱ्या वर्षाच्या शेवटी जे जिवंत आहेत तेवढेच घ्या, मग त्यांत भाषा येणारे आणि न येणारे यांची तुलना करा. वरच्या उदाहरणात लगेच बारा विरुद्ध बारा येईल. (युद्धातल्या विमानांना कुठे गोळ्या लागल्या, ते सर्व्हायवरशिप बायसचं उदाहरण तुम्ही यूट्यूबवर शंभरदा ऐकलं असेल, म्हणून ते सोडतो. दोष भाऊबंद आहेत, पण एकच नाहीत.)

आणि खऱ्या इतिहासात दिशा उलटीही असू शकते. हॉल यांना मराठी उत्तम येत होती, म्हणून तर ते मुंबईबाहेर दौऱ्यावर जात. मार्च १८२६ मध्ये ते नाशिकला गेले, तेव्हा तिथे कॉलऱ्याची साथ होती. जवळचं औषध त्यांनी आजाऱ्यांना वाटून टाकलं आणि परत फिरले. वाटेत दोडी-दापूरला एका देवळाच्या ओसरीत मुक्काम केला, तिथेच त्यांना कॉलरा झाला, आणि काही तासांत, २० मार्चला ते गेले. सोबत मिशनमधले दोन तरुण होते. त्यांनीच त्यांना पुरलं. वर्षभरापूर्वी हॉल यांची पत्नी मार्गारेट दोन आजारी मुलांना घेऊन अमेरिकेला निघाली होती. त्यातलं एक मूल समुद्रातच गेलं. हॉल मागे राहिले कारण मुंबईत माणसं कमी उरली होती.

भाषा येत नसती तर हॉल नाशिकला गेलेच नसते. स्थिरावणं हेच इथे धोक्याचं कारण झालं. पाण्यातून कॉलरा पसरतो हे जॉन स्नो यांनी लंडनमध्ये दाखवायला अजून पंचवीस-तीस वर्षं होती.

छेद कुठला घेतलात?

हॉल आणि न्यूएल यांनी मिळून लिहिलेलं एक पुस्तक १८१८ मध्ये अमेरिकेत छापलं गेलं, ‘द कन्व्हर्जन ऑफ द वर्ल्ड’. त्यात एक हिशोब आहे. ख्रिस्ती नसलेले लोक साठ कोटी. वीस हजारांमागे एक मिशनरी. म्हणून तीस हजार मिशनरी हवेत. विज्ञानाच्या विद्यार्थ्याला हा भागाकार ओळखीचा वाटेल. आपणही प्रकल्पाच्या प्रस्तावात असेच आकडे मांडतो, इतके नमुने, इतके दिवस, इतकी माणसं. या भागाकारात मिशनरी म्हणजे एक पूर्णांक. तो आजारी पडत नाही, त्याची बायको बाळंतपणात जात नाही, तो परतत नाही. लेखकांना वास्तव माहीत नव्हतं असं कोण म्हणेल? न्यूएल यांनी हॅरिएटला मॉरिशसमध्ये पुरलं होतं. तरीही आवाहनासाठी लिहिलेल्या सूत्रात ते उतरत नाही.

अंशाचं असं, तर छेदाचंही बघा. बोर्डाच्या लेखी मिशनरी म्हणजे दीक्षित पुरुष. त्यांच्या बायका ‘सहायक मिशनरी’. तुम्ही फक्त दीक्षितांची यादी घेतलीत तर हॅरिएटचा मृत्यू तुमच्या तक्त्यात येणारच नाही. आणि सिंथिया फरारही येणार नाहीत. त्या १८२७ मध्ये मुंबईत आल्या, अविवाहित, मुलींच्या शाळांसाठी. पुढे अहमदनगरला गेल्या आणि १८६२ मध्ये तिथेच वारल्या. चौतीस वर्षांच्या वर. वर उल्लेख केलेल्या एकाही पुरुषाने महाराष्ट्रात इतकी वर्षं काढली नाहीत. जोतीराव फुले यांनी नगरच्या त्यांच्या मुलींच्या शाळा पाहिल्या होत्या आणि त्यातून आपल्याला प्रेरणा मिळाल्याचं स्वतः सांगितलं होतं. म्हणजे परिणामाच्या दृष्टीने सगळ्यात जड ओळ तुमच्या नमुन्याच्या व्याख्येनेच बाहेर पडली.

याहून मोठी गळती वेगळी आहे. मिशनच्या सुरुवातीच्या मराठी शाळांत शिकवणारे पंतोजी बहुतांशी हिंदू होते. बेने इस्रायल समाजातली मुलं या शाळांत शिकली आणि त्यांच्यातले काही शिक्षकही झाले. नव्या आलेल्या मिशनऱ्याला मराठी शिकवायला पंडित लागायचा, भाषांतर तपासायला पंडित लागायचा. छापखान्यात खिळे जुळवणारी माणसं इथलीच. निर्णयसागरचे जावजी दादाजी लहानपणी याच अमेरिकन मिशन छापखान्यात कामाला होते. मिशनरी स्थिरावला ते या सगळ्यांच्या खांद्यावर. पण इतिहासाच्या तक्त्यात ते ‘परिस्थिती’ म्हणून येतात, ‘व्यक्ती’ म्हणून क्वचित.

अहवाल कुणासाठी लिहिला होता?

या विषयाची मुख्य सामग्री म्हणजे मिशनऱ्यांची पत्रं आणि रोजनिशा. मूळ कागद हार्वर्ड विद्यापीठाच्या हॉटन ग्रंथालयात आहेत. त्यांतले निवडक उतारे बोर्डाच्या ‘मिशनरी हेरल्ड’ या मासिकात छापले जात, आणि आज इंटरनेटवर सहज मिळतो तो हाच छापील भाग. ते मासिक वर्गणीदारांसाठी होतं, ज्यांच्या पैशावर मिशन चालायचं. म्हणजे पत्र लिहिणारा निवड करतो, मग बॉस्टनमधला संपादक निवड करतो, मग स्कॅन करणारा. तीन चाळण्या. हॅरिएटच्या मृत्यूनंतर तिच्या आठवणींचं पुस्तक निघालं आणि अमेरिकेत अफाट खपलं. दुःखदेखील मदत गोळा करू शकतं, म्हणून ते छापलं गेलं. कंटाळा, आपसातली भांडणं, पंडिताचा पगार थकला, हे छापून येण्याची शक्यता कमी.

म्हणून ‘अमुक गोष्टीचा उल्लेख नाही’ यावरून ‘अमुक गोष्ट नव्हती’ असं म्हणायची घाई नको. मी सुचवेन की एखादी घटना निवडून ती तीन ठिकाणी बघा: मिशनच्या छापील मासिकात, हस्तलिखित पत्रात, आणि कंपनी सरकारच्या दफ्तरात. मुंबईतल्या हद्दपारीच्या प्रकरणात हे सोपं जातं, कारण सरकार आणि मिशनरी दोघांनीही कागद केले. ‘ज्ञानोदय’ १८४२ मध्ये अहमदनगरला सुरू झाल्यावर तर मराठीतला आवाज थेट मिळतो. मराठी वाचता येणं हा तुमचा फायदा आहे, परदेशातल्या कित्येक अभ्यासकांना तो नाही.

आणि मग व्याख्याच उलटली

आतापर्यंत आपण ‘स्थिरावणे’ म्हणजे मिशनरी इथे टिकणे असं धरलं. रुफस अँडरसन हे बोर्डाचे चिटणीस. १८५४–५५ मध्ये ते स्वतः पाहणीसाठी हिंदुस्थानात आले आणि अहमदनगरलाही गेले. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं: मिशनऱ्याने चर्चचा पाळक होऊन बसायचं नाही. पाळक इथलाच हवा. चर्चने स्वतःचा कारभार स्वतः करावा, स्वतःचा खर्च स्वतः उचलावा, स्वतःचा प्रसार स्वतः करावा. ते झालं की मिशनऱ्याने पुढच्या गावी जावं.

म्हणजे बघा, हॉल यांच्यासाठी यश म्हणजे राहता येणं, आणि अँडरसन यांच्यासाठी यश म्हणजे जाता येणं. अँडरसन यांच्या मोजपट्टीवर तीस वर्षं एकाच चर्चचा पाळक राहिलेला मिशनरी हा स्थिरावलेला नसून अडकलेला ठरतो. खिस्ती आणि मोडक यांची दीक्षा याच काळातली. अर्थात ही मोजपट्टीही निरागस नाही. अँडरसन यांनी इंग्रजी शाळांना हात आखडता घेतला, भर मराठीवर दिला, आणि त्याबद्दल मिशनमध्येही नाराजी होती. इंग्रजीतून मिळणाऱ्या नोकऱ्यांकडे डोळे लावून बसलेल्या नव्या ख्रिस्ती कुटुंबांना ‘तुम्ही स्वावलंबी व्हा, पण इंग्रजी नको’ हे कसं वाटलं असेल, तो वेगळ्या प्रबंधाचा विषय आहे. घ्यायचा असेल तर कुणीतरी खरंच घ्या.

कागदावर पाळक इथले झाले. पैसा, पगार आणि शेवटचा शब्द बराच काळ मिशनचाच राहिला. नारायण वामन टिळकांचा बाप्तिस्मा १८९५ चा, आणि पुढे त्यांनी वर्षानुवर्षं अमेरिकन मराठी मिशनमध्ये काम केलं. ख्रिस्ती उपासनेत अभंग आणि कीर्तन यांना त्यांनी मानाची जागा मिळवून दिली. १९१७ मध्ये त्यांनी मिशनची नोकरी सोडली आणि ‘देवाचा दरबार’ उभारायला घेतला, संस्थेच्या चौकटीबाहेरचा, भारतीय वळणाचा. हॉल आणि नॉट मुंबईला उतरल्याला तेव्हा एकशेचार वर्षं झाली होती.

आता पाच व्याख्यांच्या यादीत सहावी घाला: इथल्या ख्रिस्ती माणसाला चर्च परकं वाटेनासं झालं की स्थिरावले. हिच्यापुढे कुठलं वर्ष लिहायचं ते तारखांच्या तक्त्यातून निघणार नाही. त्यासाठी लक्ष्मीबाई टिळकांची ‘स्मृतिचित्रे’, ‘ज्ञानोदय’चे जुने अंक आणि नगर जिल्ह्यातल्या खेड्यांतली चर्चची दफ्तरं उघडावी लागतील. बाप्तिस्मा, लग्न आणि दफन यांच्या नोंदवह्यांपासून सुरुवात करा. त्यांत तारखा असतात, गावं असतात, आणि विधी कुणाच्या हातून झाला त्याची सही असते. ती सही परक्या नावाची केव्हापर्यंत आणि मराठी नावाची केव्हापासून, एवढं गाववार मोजलंत तरी पहिल्या प्रकरणापुरती सामग्री हाती येईल.